लेक ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ शिकते आहे!

पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर, माढा तालुक्यात, टेंभुर्णी लागतं. एक रस्ता कुर्डुवाडीला फुटतो, एक पंढरपूरला, एक अकलूजकडे. भोवती उजनीच्या पाण्यावर पोसलेला ऊस, आणि हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. सकाळच्या एसटीला कॉलेजच्या मुलींची ही गर्दी असते. कुणी पंढरपूरला निघालेली, कुणी कुर्डुवाडीला, कुणी थेट सोलापूरच्या वसतिगृहात परत जाणारी. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांत आता बी.सी.ए., बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) आणि इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं असतात.

त्यातलंच एक पुस्तक ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चं. हा विषय साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला येतो आणि भल्याभल्यांची झोप उडवतो. आई कौतुकानं विचारते, “काय असतं गं त्यात?” लेक म्हणते, “तुला नाही कळायचं, आई!” आणि खरं सांगायचं, तर पुष्कळदा लेकीलाही ते कळलेलं नसतं. दहावी-बारावीपर्यंत मराठीत विचार करायची सवय. इथे एकदम ‘प्रोसेस’, ‘थ्रेड’, ‘सेमाफोर’, ‘डेडलॉक’ असे शब्द अंगावर येतात. मग नोट्स पाठ करायच्या, पेपरात ओतायच्या आणि हॉलबाहेर पडताक्षणी विसरायच्या. एखाद्या वेळी विषय मागे राहतो. तो मागे राहिला की घरात बोलणं सुरू होतं, “झेपत नसेल तर राहू दे बाई. स्थळ तर चांगलं चालून आलंय.”

मैत्रिणींनो, एका विषयापायी मुलीचं शिक्षण अडावं, इतका हा विषय परका आहे का? मुळीच नाही. त्याचे शब्द परके आहेत, पण त्यातला व्यवहार आपण रोज बघतो. एवढंच नव्हे, तर त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती लेकीनं परीक्षेसाठी शिकावी आणि घरानं लेकीसाठी शिकावी.

हे आहे तरी काय?

संगणकात हिशेब करणारा एक भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. हाताशी लागणारी माहिती ठेवायला मेमरी असते, कायमची साठवण करायला डिस्क असते. शिवाय पडदा, कळफलक, छपाईयंत्र आहेतच. या सगळ्यांचा वापर एकाच वेळी अनेक कामांना हवा असतो. तुमच्या हातातल्या मोबाइलचंच बघा ना. भजन चालू असतं, तेवढ्यात भावजयीचा निरोप येतो, त्याच वेळी एखादा फोटो उतरत असतो आणि मध्येच फोन वाजतो. या सगळ्या कामांत यंत्राची वाटणी कुणी करायची? कुणाला आधी, कुणाला मागून, कुणाला किती जागा? एकानं दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे कुणी बघायचं? हे सारं पाहणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

घरोघरी अँड्रॉइडचे फोन आहेत. त्या अँड्रॉइडच्या तळाशी ‘लिनक्स’ नावाचा गाभा आहे. तो कुणा मोठ्या कारखान्यात जन्मला नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्यानं १९९१ साली हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला आणि अभ्यासाच्या नादात हा गाभा लिहायला घेतला. त्याच्या पुढ्यात अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांचं पाठ्यपुस्तक होतं, आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यांनीच १९८७ मध्ये तयार केलेली ‘मिनिक्स’ ही लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम होती. म्हणजे आज टेंभुर्णीच्या बाजारात भाजीवालीच्या फोनमध्ये जे चालतं, त्याची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या अभ्यासातून झाली.

सोलापूरच्या माणसाचं पुस्तक

“हे सगळं परदेशी लोकांचं, आपलं तिथे काय?” असं कुणी म्हणेल. तर ऐका. आपल्याकडच्या कॉलेजांतून वापरल्या गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठ्यपुस्तकांपैकी एक सोलापूरच्या माणसानं लिहिलेलं आहे. ते म्हणजे अच्युत गोडबोले. १९५० चा जन्म, सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिक्षण, १९७२ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून केमिकल इंजिनिअर. नीट वाचा बरं, केमिकल! संगणकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ती विद्या त्यांनी नोकरीत पडल्यावर वाचून, करून, धडपडून मिळवली. पुढे मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची सूत्रं सांभाळली आणि ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिलं. ते टाटा मॅकग्रॉ-हिल या प्रकाशन संस्थेनं काढलं. मराठी वाचकांना ते ‘संगणकयुग’, ‘किमयागार’ आणि ‘मुसाफिर’ या पुस्तकांचे लेखक म्हणून ठाऊक आहेत.

मराठीत विचार करणाऱ्याला हा विषय कळतो, इतका कळतो की त्याला तो दुसऱ्यांना शिकवता येतो, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा आता त्या पुस्तकातली चार पानं आपणही उलटून बघू.

गिरणीतली रांग

पहिलं प्रकरण असतं ‘शेड्यूलिंग’चं, म्हणजे पाळी लावण्याचं. पिठाच्या गिरणीत जाऊ या. जातं एकच. पहिल्या गिऱ्हाइकाची ज्वारीची मोठी गोणी, तिला तीस मिनिटं लागणार. दुसरीचा डबा सहा मिनिटांचा. तिसरीचं थोडंसं बेसन, तीन मिनिटांचं. आली त्या क्रमानं दळलं, तर पहिली मुळीच थांबत नाही, दुसरी तीस मिनिटं थांबते, तिसरी छत्तीस. एकूण सहासष्ट मिनिटं, म्हणजे सरासरी बावीस. आता उलट करा, लहान काम आधी. बेसनवाली थांबत नाही, डबेवाली तीन मिनिटं थांबते, गोणीवाला नऊ. एकूण बारा, सरासरी फक्त चार! कुठे बावीस आणि कुठे चार! परीक्षेत येणारं गणित हेच. पहिल्या रीतीला ‘फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह्ड’ म्हणायचं, दुसरीला ‘शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट’.

मग दुसरी रीतच नेहमी का वापरू नये? कारण गोणीवाला बसला असताना लहान डबेवाल्या एकामागून एक येतच राहिल्या, तर त्याचा नंबर दिवस मावळेपर्यंत लागायचा नाही. म्हणून तिसरी रीत निघाली : प्रत्येकाचं थोडं थोडं दळायचं, पाळीपाळीनं. हिला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. आता गिरणीवाल्याला हे सांगून बघा! तो हसेल, कारण ज्वारीवरून गव्हावर जाताना जातं साफ करावं लागतं, त्यात वेळ जातो आणि पीठही मिसळतं. संगणकालासुद्धा एक काम ठेवून दुसरं घेताना पहिल्याची सगळी मांडामांड नीट जपून ठेवावी लागते. तिला ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ म्हणतात आणि तिलाही वेळ लागतो. फरक इतकाच, की संगणकाचा हा वेळ सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश असतो, म्हणून तिथे पाळीपाळीचं काम परवडतं. पाळ्या इतक्या भराभर बदलतात, की आपल्याला सगळी कामं एकदमच चाललीत असं वाटतं.

ओटा, कपाट आणि माळा

दुसरं मोठं प्रकरण मेमरीचं. स्वयंपाकाचा ओटा म्हणजे मेमरी : जागा थोडी, पण हाताशी. माळा म्हणजे डिस्क : जागा भरपूर, पण शिडी लावावी लागते. ओट्यावर सगळे डबे मावत नाहीत, म्हणून लागतील तेवढेच ठेवायचे. हवा तो डबा ओट्यावर नसला, की हातातलं काम थांबवून तो माळ्यावरून काढायचा. यालाच पुस्तकात ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नवा डबा ठेवायला जागा नसेल तर कुठला जुना वर टाकायचा? ज्याला सर्वांत जास्त दिवस हात लागला नाही तो. आपण हे न शिकताच करतो. पुस्तकात या रीतीला ‘लीस्ट रीसेंटली यूज्ड’ असं लांबलचक नाव आहे, एवढंच.

दिवाळीच्या आधी चकल्या, लाडू, चिवडा, शंकरपाळे असं सगळं एकदम काढलं, की काय होतं? डबे काढण्या-ठेवण्यातच दिवस जातो आणि घाण्यात काही पडत नाही. संगणकाचंही तसंच होतं. मेमरी थोडी आणि कामं फार झाली, की तो नुसता डिस्कवरून ने-आण करत बसतो. त्याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. उपाय दोन्हीकडे एकच : एका वेळी कामं कमी हाती घ्यावीत, नाहीतर ओटा मोठा करावा.

एका बाबतीत मात्र गृहिणी संगणकाच्या पुढे आहे. बेलाडी नावाच्या संशोधकानं १९६६ साली सांगितलं, की डबा निवडायची सर्वांत उत्तम रीत म्हणजे जो पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे तोच वर टाकायचा. पण पुढे काय लागणार हे संगणकाला सहसा आधी कळत नाही. आपल्याला मात्र चतुर्थी कधी, पाहुणे कधी, हे ठाऊक असतं!

पोळपाट एकीकडे, लाटणं दुसरीकडे

आता तो भयंकर शब्द, ‘डेडलॉक’. दोघी जावा पोळ्या लाटायला आल्या. एकीनं पोळपाट घेतला, दुसरीनं लाटणं. पहिली म्हणते, “लाटणं मिळाल्याशिवाय पोळपाट सोडणार नाही.” दुसरी म्हणते, “पोळपाट मिळाल्याशिवाय लाटणं देणार नाही.” दोघी बसल्या! तवा तापून लाल झाला, तरी पोळी नाही. झाला डेडलॉक.

१९७१ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की असा तिढा पडायला चार गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली न सोडता माणूस दुसरीची वाट पाहतो. कुणी कुणाकडून हिसकावून घेत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचं एक चक्र तयार होतं. यातली एक जरी गोष्ट मोडली, तरी तिढा सुटतो. उदाहरणार्थ, घरात नियमच करा, की आधी पोळपाट घ्यायचा आणि मगच लाटण्याला हात लावायचा. ज्या जावेला पोळपाट मिळाला नाही ती लाटणं धरून बसूच शकणार नाही. चक्र होणारच नाही. परीक्षेतला हा हमखास प्रश्न लेकीला असा सांगून बघा, चार अटी जन्मात विसरणार नाही.

‘सेमाफोर’ हा शब्द तर टेंभुर्णीकरांच्या शेजारच्या स्टेशनातला. कुर्डुवाडी हे रेल्वेचं जुनं जंक्शन. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ पासून इथून बार्शीकडे आणि पुढे पंढरपूरकडेही धावू लागली. अशा एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक साधी रीत असे. एका पट्ट्यासाठी एकच टोकन बाहेर काढता यायचं. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरनं त्या पट्ट्यात गाडी घालायची नाही, आणि पलीकडे पोहोचल्यावर ते परत द्यायचं. स्टेशनाबाहेर हात वर-खाली करणारा जो खांब असायचा, त्या सिग्नलचं इंग्रजी नाव ‘सेमाफोर’. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात संगणकातल्या कामांसाठी असाच सिग्नल बसवला आणि नावही रेल्वेचंच घेतलं. दोन प्रोग्रॅमांनी एकाच वेळी एकाच खात्यातली शिल्लक बदलू नये, यासाठी आजही हीच रीत लागते. तुमच्या खात्यातून एटीएममधून पैसे निघत असतानाच दुसरीकडून मोबाइलनं पैसे गेले, तरी हिशेब चुकत नाही तो अशाच पहाऱ्यामुळे.

बायकांनी विणलेली मेमरी

हा विषय पुरुषांचा, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाची हकीगत त्यांना जरूर सांगावी. यान उतरत असताना, शेवटच्या काही मिनिटांत, त्यातला संगणक धोक्याचे इशारे देऊ लागला. एका रडारमुळे त्याच्यावर जादा कामाचा बोजा पडला होता. पण त्याचे प्रोग्रॅम अशा रीतीनं लिहिलेले होते, की बोजा फार झाला तर बिनमहत्त्वाची कामं टाकून द्यायची आणि यान उतरवण्याची कामं तेवढी चालू ठेवायची. तसंच झालं आणि यान सुखरूप उतरलं. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चमूची प्रमुख एक स्त्री होती, मार्गारेट हॅमिल्टन. घरी लहान मुलगी असलेली आई.

त्या संगणकाची पुसता-लिहिता येणारी मेमरी सुमारे चार किलोबाइट होती. चार जीबीच्या मोबाइलमध्ये असते त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढी! प्रोग्रॅमांची कायमची मेमरी तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कारखान्यात बायकांनी हातानं विणली होती. बारीक चुंबकीय कड्यांतून तांब्याची तार ओवायची. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. चादरींच्या सोलापूर जिल्ह्याला हे काम किती नजरेचं, हे समजावून सांगायला नको.

‘उपासमार’ नावाचा दोष

आता पुस्तकातल्या ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येते. गिरणीत गोणीवाला दिवसभर बसून राहिला, आठवतं ना? पाळीच न येण्याच्या या प्रकाराला संगणकशास्त्रात ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘उपासमार’. ज्या कामाचा मान कमी, त्याच्या पुढे सतत दुसरी कामं घुसत राहिली, की ते बिचारं रांगेतच राहतं. त्याला कुणी नाही म्हटलेलं नसतं. फक्त त्याची पाळी येत नाही.

मैत्रिणींनो, हा शब्द वाचून काही आठवलं का? सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलं ते घेऊन बसणारी बाई? आणि घरातली शिकणारी मुलगी? तिला कुणी ‘शिकू नकोस’ म्हणत नाही हो. पण पुस्तक उघडलं की “जरा चहा टाक गं.” पुन्हा उघडलं की “दारात कोण आलंय बघ.” कॉम्प्युटर एकच असेल तर आधी भावाचा, कारण ‘त्याला नोकरी करायचीय’. दोन-तीन तास एसटीच्या प्रवासात जातात, ते वेगळेच. शेवटी रात्री साडेदहाला तिची पाळी येते, तेव्हा डोळे मिटत असतात. मग पेपरात मार्क कमी पडले, की म्हणायचं, “तिला झेपत नाही!”

लिनक्समध्ये ‘नाइस’ नावाची एक आज्ञा आहे. इंग्रजीत ‘नाइस’ म्हणजे चांगला, सालस. एखाद्या कामाचा हा सालसपणाचा आकडा वाढवला, की ते दुसऱ्यांना वाट देत मागे सरतं. आणि गंमत अशी, की आपलं काम मागे सरकवायला साध्या वापरणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. ते पुढे आणायचं म्हटलं, तर एरवी मुख्य अधिकाऱ्याचाच हुकूम लागतो. सालस म्हणवून घेणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हा नियम वेगळा शिकवायची गरज आहे का?

पण पुस्तकात या दोषावर उपायही दिलेला आहे. त्याचं नाव ‘एजिंग’. जे काम जितका जास्त वेळ वाट बघत थांबलं असेल, तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. एक वेळ अशी येतेच, की ते रांगेत सर्वांत पुढे असतं. किती साधा न्याय आहे! थांबणाऱ्याची सहनशीलता गृहीत धरायची नाही, ती जमेस धरायची.

अभ्यास कसा करावा

आता काही सूचना. आधी लेकींसाठी.

१. गिरणी आणि ओटा ही दाराची कडी आहे, घर नव्हे. उपमेनं अर्थ कळला, की पुस्तकातली व्याख्या पुन्हा वाचा आणि पेपरात तीच लिहा. एका वहीत इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि एक उदाहरण, असे रोज पाच शब्द लिहा.

२. शेड्यूलिंग, पेज बदलणं आणि डेडलॉक टाळण्याची गणितं हातानं, तक्ते आखून सोडवा. नुसती वाचून येत नाहीत. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसंच हे.

३. हा विषय करून बघण्याचा आहे. लिनक्स फुकट मिळतं. लुबुंटू, मिंट यांच्यासारखे त्याचे हलके प्रकार जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात, आणि काही न पुसता पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघता येतात. कायमचं बसवायचं झालं, तर आधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. मग ‘टॉप’ ही आज्ञा देऊन बघा : यंत्रात आत्ता कोणकोणती कामं चालू आहेत, कोण किती मेमरी खातंय, सगळं डोळ्यांसमोर हलताना दिसतं. पुस्तकातली ‘प्रोसेस’ तेव्हा पहिल्यांदा खरी वाटते. त्यानंतर सी भाषेत ‘फोर्क’ वापरून एका कामातून दुसरं काम जन्माला घालून बघा.

४. मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही मिळतात, तेही विनामूल्य. इंग्रजी वाचनाची सवय झाली, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले रेम्झी आणि अँड्रिया आर्पासी-दुसो यांचं या विषयावरचं पुस्तक जरूर वाचावं. ते इंटरनेटवर मोफत ठेवलेलं आहे आणि भाषा गप्पा मारल्यासारखी आहे.

५. शिकलेलं आईला समजावून सांगा. ‘तुला नाही कळायचं’ म्हणू नका. जे आईला सांगता येत नाही, ते आपल्याला पुरतं कळलेलं नाही, असं समजावं. नोकरीच्या मुलाखतीतही प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक असाच तोंडी विचारतात, तेव्हा पाठांतर कामाला येत नाही.

घरच्यांनी काय करावं

१. रोज दोन तास ठरवून द्या. संगणक एखादं नाजूक काम करताना थोडा वेळ बाहेरच्या हाका बंद करून घेतो. तसे हे दोन तास लेकीला कुणी हाक मारायची नाही. चहा भाऊही टाकू शकतो.

२. घरात कॉम्प्युटर एकच असेल तर भिंतीवर पाळ्यांचा कागद लावा. ज्याची पाळी चुकली त्याला दुसऱ्या दिवशी आधी. नवा घेणं परवडत नसेल तर जुना, चांगल्या स्थितीतला घेऊनही या विषयाचं काम भागतं. घेताना निदान चार जीबी मेमरी आहे का, हे विचारून घ्यावं.

३. पैशांची अडचण असेल तर सरकारी सवलतींची चौकशी करा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ही सवलत प्रवेश सरकारी फेऱ्यांतून घेतला तरच मिळते, म्हणून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेआधी काढून ठेवावा आणि त्या वर्षीचे नियम कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावेत.

४. एक विषय मागे राहिला म्हणजे आभाळ कोसळत नाही. त्याची परीक्षा पुन्हा देता येते. ‘झेपत नाही’ असा निकाल देण्यापूर्वी तिला अभ्यासाची पाळी किती वेळा मिळाली, हे मोजा.

सोलापूर जिल्ह्याला २००४ साली स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी इथल्या कॉलेजांचा कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. २०१९ पासून या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. ज्या बाईनं राज्याचा कारभार चालवला, कुणाला काय आणि कधी द्यायचं याचा चोख हिशेब ठेवला, तिचं नाव आपल्या लेकींच्या पदवीवर येणार आहे. ती पदवी हातात पडेपर्यंत त्यांची पाळी कुणी चुकवू नये, एवढं तर आपल्याला करता येईल ना? आणि आज संध्याकाळी ते जाड पुस्तक उघडलेलं दिसलं, तर लेकीच्या शेजारी बसा आणि खुशाल विचारा, “काय गं, डेडलॉकच्या त्या चार अटी कुठल्या?”